कांबळेसाहेबांच्या ढोलकीचा स्टँड

चार वाजवणारे एकत्र जमले की तालाच्या गप्पा मारतात, असा ऐकणाऱ्यांचा समज असतो. खरं सांगायचं तर ते स्टँडच्या गप्पा मारतात. कुणाचा घसरतो, कुणाचा ऐन रंगात आलेल्या गाण्यात मान टाकतो, कुणाचा बोल्ट कार्यक्रमाला आलेला असतो आणि नट घरी राहिलेला असतो. गवयांकडे मैफलींच्या आठवणी असतात, आमच्याकडे नटबोल्टांच्या. त्या साठत जातात आणि एकदा सांगायला बसलं की चहा गार होतो.

आमचा ग्रुप चौघांचा. मी मंदार, खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करतो आणि बोंगो वाजवतो. अनुजा माझ्याच कंपनीत, पण सारखी ऑनसाइट, म्हणजे परदेशातल्या क्लायंटकडे जाणारी. ती खंजिरी, शेकर आणि हाताला लागेल ते वाजवते. बापू मूळचे खराडीचेच. आमच्या कंपनीचं पार्किंग आहे तिथे त्यांची ज्वारी होती. ते कोंगा वाजवतात, म्हणजे कमरेएवढा उंच आणि खालून उघडा असलेला ढोल.

आणि चौथे कांबळेसाहेब. सरकारी नोकरी, निवृत्ती तोंडावर आलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. ढोलकी मात्र अशी की त्यांनी नुसती थाप मारून सूर तपासला तरी मांडववाले हातातलं काम थांबवून बघतात.

कंपन्यांचे फॅमिली डे, सोसायट्यांचे गणपती, लग्नातलं संगीत, जिथे बोलावतील तिथे आम्ही जायचो. त्या दिवसांत सॉफ्टवेअरवाल्यांना एकदम करमणुकीची गरज भासायला लागली होती, त्यामुळे बोलावणं बरं यायचं.

माझी एक खोड आधीच सांगून ठेवतो. मला स्वस्थ बसवत नाही. एखादी वस्तू नीट उभी दिसली की ती हलवून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पगार त्याचाच मिळतो, पण घरीदेखील तेच. आई म्हणते, पाळण्यात असतानासुद्धा हा पाळण्याचे खिळे तपासत असणार.

*

पहिला किस्सा माझाच. एका आयटी पार्कमध्ये फॅमिली डे होता. स्टेज नव्हतं, लॉबीतच वाजवायचं होतं. लॉबीची फरशी अशी गुळगुळीत की तिच्यात बघून भांग पाडून घ्यावा. माझा बोंगोचा स्टँड तीन पायांचा, लोखंडी, पायांची रबरं कधीच झिजून गेलेली.

पहिल्या गाण्यात स्टँड इंचभर पुढे सरकला. मीही इंचभर सरकलो. गाणं चढत गेलं तसा स्टँड चालायलाच लागला आणि वाजवणं थांबवता येईना म्हणून मी त्याच्या मागे चालायला लागलो. मागे वळून बघितलं तर बाकीचे तिघं लांब राहिलेले आणि मी एचआरच्या मॅडमच्या टेबलाला टेकलेला. गाणं तिथेच संपवलं.

मॅडमनी उठून टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, "ऑडियन्समध्ये मिसळून वाजवण्याची कल्पना आवडली. पुढच्या वर्षी सगळेच या."

दुसऱ्या दिवशी मी घराजवळच्या मेडिकलमध्ये गेलो. म्हाताऱ्यांच्या काठीला खाली जे रबरी बूट असतात ना, ते बोंगोच्या स्टँडला अगदी फिट बसतात, हा माझा स्वतःचा शोध. दुकानातल्या काकांनी चष्म्यावरून बघितलं.

"किती काठ्या?"

"काठी नाही. तीन पाय आहेत."

"तिन्ही घसरतात?"

"हो."

"मग रबरं कशाला नेताय? पेशंटला झोपून राहायला सांगा."

तेव्हापासून हे काका मला भेटले की "तीन पायांचे पेशंट कसे आहेत?" असं विचारतात. काका हसत नाहीत, त्यामुळे दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे सहानुभूतीने बघतात.

*

बापूंचा प्रश्न वेगळा. कोंग्याचा खर्ज खालच्या तोंडातून बाहेर पडतो. ढोल जमिनीवर ठेवला की ते तोंडच बंद होतं आणि आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो. म्हणजे ढोल जमिनीपासून उचलून धरणारा स्टँड हवा. दुकानातले चकचकीत स्टँड बापूंनी हात लावून पाहिले आणि सोडून दिले. त्यांचा चुलतभाऊ मार्केट यार्डात गाळ्यावर असतो. बापूंनी त्याच्याकडून टोमॅटोचा प्लास्टिकचा क्रेट आणला, उलटा घातला, वर कोंगा ठेवला. जाळीतून खर्ज असा मोकळा सुटला की मी आणि अनुजा एकमेकांकडे बघत राहिलो.

पण एका मोठ्या कंपनीच्या कार्यक्रमात इव्हेंट मॅनेजर आडवा आला. काळा सूट, कानात वायर. "सर, ये क्रेट हटाइए. लुक खराब हो रहा है." बापूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग तो मराठीत आला. म्हणाला, "अहो, इथे असं उभं करता येणार नाही."

बापूंनी सावकाश मान वर केली. "ही तुमची समदी बिल्डिंग आमच्या जमिनीवर उभी हाय. आन माझा ढोल क्रेटवर उभा राह्यला तर चालंना?"

क्रेट राहिला. वर कंपनीच्याच लोगोचं कापड घालून राहिला.

*

असे किस्से होतच होते आणि आम्ही हसतच होतो. मग कांबळेसाहेबांचा अपघात झाला आणि स्टँड हा विषय हसण्याचा राहिला नाही.

लोणी काळभोरच्या एका कॉलेजात कार्यक्रम होता. तो उरकून साहेब स्कूटरवरून परतत होते. सोलापूर रोडवर सांडलेल्या डिझेलवरून स्कूटर गेली. ढोलकी पाठीला होती, तिला ओरखडासुद्धा आला नाही. साहेबांच्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता आयुष्यात मांडी घालायची नाही.

आता हे ज्याने ढोलकी जवळून बघितलेली नाही त्याला कळायचं नाही. साहेब मांडी घालून बसत, ढोलकी पुढ्यात आडवी घेत आणि एका गुडघ्याने वरून हलकेच दाबून धरत. जन्मभर हाच त्यांचा स्टँड. गुडघा गेला म्हणजे स्टँड गेला.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "उभं राहून वाजवा. गळ्यात अडकवायची."

साहेब म्हणाले, "गळ्यात अडकवून वरातीत वाजवतात, डॉक्टर. मी गाण्याला वाजवतो."

तरी गळ्यात अडकवून बघितली. ढोलकीच्या वजनाने ते पुढे झुकले, गुडघ्याने साथ सोडली आणि ते थेट बापूंच्या अंगावर आले. बापूंनी झेललं. खुर्चीवर बसून बघितलं, तर दाबायला गुडघा नाही म्हणून ढोलकी मांडीवरून घसरत पुढे चाललेली. खुर्ची बंद, गळा बंद.

त्यात जयंती जवळ आलेली. साहेबांच्या वस्तीत विहारासमोर दरवर्षी गाण्यांचा कार्यक्रम होतो. साहेबांना मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून त्या कार्यक्रमात ढोलकी त्यांचीच. नोकरीत बदली झाली तरी ते त्या दिवशी कुठूनही यायचे. वस्तीतल्या लोकांनी निरोप पाठवला की साहेब, यंदा तुम्ही नुसते पुढच्या खुर्चीत येऊन बसा, मान तुमचाच. साहेबांनी उलट निरोप धाडला, "वाजवता आलं तर येईन. ऐकायला घरी कॅसेट आहेत."

हे ऐकल्यापासून माझं ऑफिसात लक्ष लागेना. एक माणूस आपल्या ओळखीचा, आणि त्याला वाजवायला फक्त एक स्टँड हवा आहे. एवढ्या मोठ्या शहरात एक स्टँड मिळू नये? मी चिडलो होतो. नक्की कुणावर ते मात्र सांगता यायचं नाही.

*

अनुजा तेव्हा अमेरिकेत होती. मी तिला मेलवर मेल केले. तिने तिथल्या दुकानातून ढोलाला खालून धरणारा एक भारी स्टँड घेतला आणि बॅगेत वजन होत होतं म्हणून आईसाठी घेतलेली सगळी भांडी तिथेच मैत्रिणीकडे ठेवून आली. विमानतळावरून घरी आल्यावर बॅग उघडली. आईने आत बघितलं आणि म्हणाली, "एवढी वर्षं शिकलीस, अमेरिकेला गेलीस, आणि आणलंस काय, तर भंगार."

दुसऱ्या दिवशी तो स्टँड ऑफिसात आला. आम्ही लिफ्टमध्ये शिरत होतो. मला राहवलं नाही, मी त्याचा मुख्य नट फिरवून बघायला गेलो, आणि तो हातातून सुटून लिफ्ट आणि मजला यांच्यामधल्या फटीतून खाली गेला.  अनुजाने फक्त माझा हात स्टँडवरून उचलून बाजूला ठेवला.

नट काय, कुठेही मिळेल, म्हणून मी बोल्ट खिशात घालून पेठांमधली हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. एकही नट बसेना. सैल तरी, नाहीतर अर्ध्यावर अडकून तरी. शेवटच्या दुकानात मालकांनी बोल्टचे आटे नखाने तपासले आणि तो मला परत दिला.

मी म्हटलं, "अहो, तुमच्याकडे एकही नट नाही?"

"नट आमच्याकडे सगळे आहेत," ते म्हणाले. "बोल्ट चुकीच्या देशाचा आहे."

*

शेवटी मी इथल्याच एका दुकानातून दोन बाजूंनी पंजासारखा धरणारा स्टँड घेतला आणि आम्ही तिघं साहेबांच्या घरी गेलो. साहेब पलंगावर बसलेले. खिडकीजवळ एक अॅल्युमिनियमचा वॉकर होता, चार पायांचा, त्यावर पंचा वाळत घातलेला. मला आपली चौकशीची सवय. विचारलं, "साहेब, वॉकरने चालता का हल्ली?"

"तो आमचा नाही," साहेब म्हणाले. "शेजाऱ्यांचा आहे."

आतून वहिनींचा, म्हणजे मिसेस कांबळेंचा आवाज आला, "शेजाऱ्यांचा पाय आमच्याच घरात मोडलाय."

साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग कळलं की घरात बाहेरचं कुणी नसेल तेव्हाच ते वॉकर वापरतात. खाली सोसायटीच्या गेटपर्यंतसुद्धा त्यांनी तो कधी नेलेला नाही. भिंत धरून जातील, वहिनींचा खांदा धरतील, पण वॉकर घेऊन चारचौघांत जाणार नाहीत.

स्टँड उभा केला. ढोलकी पंजात बसवली, मी ती सगळीकडून घट्ट आवळली. हलवून बघितली. हलेना. मला केवढं बरं वाटलं! साहेब भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी थाप मारली.

आवाज कसा सांगू? पाहुणा आलेला नको असताना दार उघडावं, तसा. साहेबांनी दोन बोल वाजवले आणि हात खाली घेतले. "घुसमटतीय ती," एवढंच म्हणाले. मी पंजाला रबर लावलं, फेल्टचं जाड कापड लावलं, पायमोजा कापून लावला. रबर लावलं की हलायची, आवळलं की घुसमटायची.

बापू बराच वेळ बघत होते. म्हणाले, "आसं करू. ढोलकीच्या लाकडाला भोक पाडू आन स्क्रू मारू आरपार. माझ्याकडं ड्रिल हाय गाडीत. मग हलतीय का बघू."

साहेबांनी ढोलकी पंजातून काढली आणि छातीशी धरली.

"माझ्या गुडघ्यात स्क्रू मारलेत तेवढे पुरे," ते म्हणाले. "हिच्यात नाही."

 बापू ड्रिलचं नाव काढल्याबद्दल स्वतःवरच वैतागले आणि उगाच चपला घालून बाहेर जाऊन आले. निघताना मी स्टँड तिथेच ठेवायला लागलो, तर साहेब म्हणाले, "मंदारराव, घेऊन जा. जागा अडते." साहेबांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्यांनी आम्हाला दारापर्यंत सोडायला यायचं टाळलं. असं आधी कधी झालं नव्हतं. 

*

जयंती दोन-चार दिवसांवर आली. दर संध्याकाळी मी काहीतरी घेऊन साहेबांकडे जायचो. एकदा कीबोर्डचा स्टँड, एकदा माइकच्या दांडीला जोडलेला शिकंजा, एकदा तर आमच्या घरचं इस्त्रीचं टेबल. साहेब प्रत्येक वेळी नम्रपणे दोन थापा मारायचे आणि चहा मागवायचे. इस्त्रीच्या टेबलाला मात्र त्यांनी चहाही दिला नाही.

त्या दिवशी माझ्या हातात कुंडी ठेवायची लोखंडी तिवई होती. मी जिना चढलो, बेल दाबायला बोट पुढे केलं, आणि आतून ढोलकी ऐकू आली.

कॅसेट नव्हती. ती साहेबांचीच. खर्ज पोटातून आलेला, वरचा बोल पाण्यासारखा स्वच्छ. बेल समोर असून मला ती दाबावीशी वाटत नाही, असं क्वचित होतं. मी तिवई खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो. एवढा वेळ मला न हलता बसलेलं माझ्या आईनेसुद्धा बघितलं नसेल.

वहिनींनी दार उघडलं, त्या दळण आणायला निघाल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आत बघायची खूण केली.

झालं होतं असं. वहिनींना फरशी पुसायची होती. ढोलकी खाली ठेवली तर ओल लागेल म्हणून त्यांनी वॉकरच्या दोन बाजूंना पंचा बांधला, त्याची झोळी केली आणि ढोलकी तीत आडवी घालून ठेवली. फरशी झाली, ढोलकी तशीच राहिली. साहेबांना स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचं होतं. घरात कुणी बाहेरचं नाही, म्हणून त्यांनी वॉकर घेतला. ढोलकी पोटाशी आलेली, दोन्ही तोंडं मोकळी, हात जवळच. पाणी प्यायचं राहिलं.

मी जवळ जाऊन बघितलं. पोटाने ते ढोलकी समोरच्या दांडीला हलकेच दाबत होते, आणि दाब दिला की पंचा जरासा सैलावत होता, गुडघा सैलावतो तसा. ढोलकी हलत होती! मी इतके दिवस तिला हलू न देण्यासाठी सगळं पुणं पालथं घातलं होतं.

साहेबांनी मला बघितलं. हात थांबले. मी काहीतरी बोलेन म्हणून ते वाट बघत होते, आणि वॉकरबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही एवढी अक्कल मला त्या क्षणी देवाने दिली.

"पंचा दुसरा घ्या साहेब," मी म्हटलं. "हा विरलाय."

*

जयंतीच्या संध्याकाळी आम्ही तिघं वस्तीत लवकर जाऊन उभे राहिलो. माझ्या खिशात दोरी, रबरं, पाना, सगळं होतं. काय होईल ते सांगता येत नव्हतं. घरातल्या घरात वाजवणं वेगळं आणि ज्या वॉकरला शेजाऱ्यांचा म्हणून सांगितलं, तो घेऊन सगळ्या वस्तीसमोर येणं वेगळं. अनुजा म्हणाली, "येतील." बापू म्हणाले, "येत्याल." मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो, पुन्हा गेलो.

रिक्षा थांबली. आधी वहिनी उतरल्या, मग वॉकर, मग इस्त्रीचा पांढरा शर्ट. वहिनींनी नवा निळा पंचा बांधला होता. ढोलकी त्यात ठेवली आणि साहेब चालायला लागले. वॉकर पुढे, मग पाऊल, पुन्हा वॉकर पुढे. खुर्च्यांवरचे लोक वळून बघत होते. मी मदतीला धावणार, तेवढ्यात बापूंनी माझी कॉलर मागून धरली.

स्टेजवर सगळे गादीवर बसलेले, एकटे साहेब उभे. पेटीवाले साहेबांच्याच वयाचे, लहानपणापासूनचे सोबती. त्यांनी वॉकरकडे वर-खाली बघितलं.

"काय कांबळे, निघालात?"

"नाही," साहेब म्हणाले. "आत्ताच आलोय. सूर द्या."

मग जे वाजलं त्याच्याबद्दल मी काही सांगत नाही. सांगायला गेलो तर नीट सांगितलं जाणार नाही. खिशातला पाना मात्र शेवटपर्यंत खिशातच राहिला.

*

त्याच्या पुढच्या रविवारी साहेबांचा फोन आला. "मंदारराव, तुम्ही ती रबरं कुठून घेता?"

मी त्यांना आमच्या मेडिकलमध्ये घेऊन गेलो. साहेब माझा दंड धरून चालत आले. काकांनी आधी मला बघितलं, "तीन पायांचे पेशंट?" म्हणाले, मग साहेबांच्या पायाकडे बघून जरा गंभीर झाले.

"आपल्याला काय हवंय?"

"वॉकर द्या एक," साहेब म्हणाले.

काकांनी मागून वॉकर काढला, उंची लावून दिली. साहेबांनी दुकानातच, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, दोन पावलं टाकून बघितली. मग रबरं दाबून पाहिली, दांडी हलवून पाहिली. समाधान झालं.

काका बिल करता करता म्हणाले, "पहिलाच का? की आधीचा मोडला?"

"मोडला नाही, चांगला आहे," साहेब म्हणाले. "पण तो ढोलकीचा स्टँड आहे. त्याने चालता येत नाही."